पोटरीवरचा ठिपका

वेल्लोर, ता. ९ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप मायला मनकर्णेचा पाया पडून नमस्कार.

येत्या गुरुवारी माझा एक गुर्दा काढून उकंड्याला बसवणार आहेत. आठ दिवस हे नक्की नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. रागावू नकोस.

तपासताना डॉक्टरीणबाईंना माझ्या पोटरीवर काळा ठिपका दिसला. तो कॅन्सरचा तीळ असेल तर त्याच्या पेशी गुर्द्याबरोबर भावाच्या अंगात जातील, म्हणाल्या. नवा गुर्दा टिकावा म्हणून औषधांनी त्याच्या अंगाचा प्रतिकार दाबून ठेवतात, मग त्या पेशींना अडवणारं कुणी उरत नाही. मी सांगितलं, अहो, हे गोंदण आहे, पहिली सुई टोचताच मी पळून गेले होते. त्यांना पटेना. एकच ठिपका कोण गोंदवतं?

शेवटी तेवढी कातडी कापून तपासायला पाठवली. त्या दिवसांत उकंड्याकडे पाहून वाटायचं, मी याला जीव देतेय की दुखणं?

काल त्या हसतच आल्या. गोंदणच निघालं, माय.

उकंडा म्हणतो, "बाई, लहानपणी तू पळाली, अन् जीव माहा टांगून ठेवला."

"मंग आता मले खाटेले बांधून ठेव," मी म्हटलं.

तुझा गुडघा कसा आहे? तूर घरात आली का?

उकंड्याला सध्या दिवसाला दोनच पेले पाणी मिळतं. गुर्दा चालू लागला की हवं तेवढं पिता येईल म्हणतात. अंबूबाईला सांग, नवऱ्यासाठी मोठा माठ आणून ठेव.

तुझी,
मनकर्णा