पेटीवरची नजर

३ फेब्रुवारी १९९७
नाचणगावला पोचलो. खोली हवेशीर, घरमालक बोलका, तर्री-पोहे झणझणीत. अंजू आमचा संसार मांडताना गुणगुणत होती. नवी नोकरी कोणाला सांगायची नाही, म्हणून इथे लिहितो. आपला उपग्रह परदेशातून उडतो, तेव्हा त्यातली संदेश गुप्त करणारी पेटी परक्या हातात पडू नये म्हणून तिच्यावर पाळीपाळीने पहारा करायचा. फुकटात विमानप्रवास! काम शिकवणार इथलेच सदाशिवराव. गेल्या वर्षी जाऊन आलेत.

५ फेब्रुवारी
पाळी बदलताना जाणारा म्हणतो, नजर दिली. येणारा म्हणतो, नजर घेतली. तोवर पेटीवरून डोळा हलवायचा नाही. सदाशिवराव शिकवतात छान, पण बघतात भिंतीकडे. गेल्या वर्षी त्यांच्याच पाळीत रॉकेट डोंगरावर कोसळलं. पेटी सापडली नाही, आणि त्यांची पाळी कोणी घेतलीच नाही. म्हणाले, थे पेटी मले अजून दिसते, भाऊ.

८ फेब्रुवारी
वर्षभर झोप नाही माणसाला. मला कणव आली. मन राखायला म्हटलं, द्या मला. नाई नाई म्हणत होते, मग रडत रडत नजर दिली. मी हसत घेतली. बसल्याजागी घोरायला लागले.

९ फेब्रुवारी
पेटी दिसते. इथे नाही, तिकडे त्या डोंगरावर, ओल्या मातीत अर्धी पुरलेली. डोळे मिटले तरी दिसते. बाकी सगळं धूसर.

११ फेब्रुवारी
सदाशिवराव पहाटेच आर्वीला लेकीकडे गेले. साहेबांना फोन केला. पेटीबद्दल फोनवर बोलायचं नसतं म्हणाले, आणि ठेवला. मला भीती वाटते.

१३ फेब्रुवारी
कोणीतरी माती उकरतंय. फक्त हात दिसतात. ओरडलो. इथून ओरडून तिथे काय— अंजू समोरच होती म्हणे. मला नुसता आवाज. तिचा चेहरा नाही दिसत.

१६ फेब्रुवारी
पेटी उचलली. घेऊन निघालेत. ती जाईल तिथे माझी नजर फरफटत— चाचपडत लिहितो.

१९ फेब्रुवारी
रस्ता ओळखीचा. केळझरचा फाटा गेला. वर्धा— पुलगाव—
का आणतायत इकडे. मी बघत होतो, हे त्यांना कळलं?

दुपारी
कडी वाजली. अंजूला म्हटलं, उघडू नको. ती म्हणते, सदाशिवराव आले असतील.
दोन हात. पेटी. आणि पेटीच्या पलीकडे— अंजू. किती दिवसांनी दिसली. दारात उभी, हसून त्यांना आत या म्हण—