पूर्वेच्या खोलीतले चिरंजीव

५ जानेवारी
लेमर आला, मादागास्करचा माकडासारखा प्राणी. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, डोळे नारिंगी, वजन एखाद्या मध्यम शब्दकोशाइतके. विक्रेता म्हणाला, "साहेब, मांजरापेक्षा सोपा. फळं टाकायची की झालं." आहार, वर्तन व आयुर्मान यांविषयी मी प्रश्न विचारले, एकाचेही धड उत्तर नाही. पावती मागितली तर हसला. अशा अडाणी माणसाच्या तावडीतून या जिवाची सुटका झाली, हे उत्तम.
टॅक्सीत पूर्ण वेळ त्याने माझा कान घट्ट धरून ठेवला होता. विश्वास.
मुक्काम पूर्वेच्या खोलीत. ऊन चांगले येते. सौ. म्हणाली, "ती खोली लेकीसाठी रंगवून घेतली होती ना? ऑगस्टमध्ये बाळाला घेऊन येतेय ती." म्हटले, ऑगस्टपर्यंत हा इतका सुसंस्कृत होईल की बाळाने त्याचा कित्ता गिरवावा. अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद मी उगाच भूषवले नाही. 'निर्दोष संगोपन' हा माझा ग्रंथ आजही छापला जातो. निवृत्तीनंतर प्रथमच घरात कोणीतरी शिकण्याजोगे आले आहे.
सौ. त्याच्याकडे बघून म्हणाली, "या, चिरंजीव." नाव तेच पडले.

१७ जानेवारी
सकाळी ऊन आले की पाय पसरून, हात गुडघ्यांवर टेकून, पोट उन्हाकडे करून बसतो. हे मी शिकवलेले नाही. ध्यानाची उपजत आवड दिसते. सौ.च्या मते त्याला थंडी वाजते.
भिंतीवर टाइमटेबल लावले. त्याने खाल्ले. दुसरे लॅमिनेट करून लावले.
शौचाची सवय: प्रगती नाही. आणलेल्या पुस्तकात लिहिले आहे की या प्राण्याला ती लावताच येत नाही. लेखकाने स्वतःच्या अपयशाला निसर्गनियम ठरवले आहे. समासात तसा शेरा मारला.

९ फेब्रुवारी
नवा दुर्गुण. मनगटाच्या आतल्या बाजूला त्याला एक ग्रंथी आहे. ती दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पाठीवर, कपाटाच्या कडांवर घासतो. वास उग्र. फिनाइलने पुसले. येऊन नेमके तिथेच घासले. पुन्हा पुसले. दिवसभर हेच चालले. शेवटी तो दमला. पुनरावृत्ती हाच अध्यापनाचा पाया, असे ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात मी म्हटलेच आहे.
संकल्प: त्याचा एकही डाग त्या खोलीत मुक्कामाला राहता कामा नये.

२३ मार्च
मोठी प्रगती. मी बादली घेऊन खोलीत शिरलो की तो पुढे येतो, शेपटी दोन्ही मनगटांतून ओढून घेतो, पाठीवरून पुढे आणतो आणि माझ्या दिशेने थरथरवत हलवतो. स्वागताचा इतका डौलदार प्रकार पदवीदान समारंभातही पाहिला नाही. सौ.ला मुद्दाम बोलावून दाखवले. नाकाला पदर लावून ती म्हणाली, "हे स्वागत असेल, तर निरोप कसा देत असेल?"
विनोदबुद्धीला तर्काची जोड नसली की असे होते.

८ एप्रिल
हल्ली खिडकीत बसून ओरडतो. सुरुवात हुंदक्यासारखी, मग लांबच लांब सूर. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिन्यात गाठून म्हणाले, "मास्तर, घरात कोणी आजारी आहे का?" मला 'मास्तर' म्हणणारा माणूस उत्तराच्या योग्यतेचा नसतो. तरी दिले: आवाजाचा रियाज चालू आहे.
ओरडून झाले की गप्प होतो आणि कान टवकारून बाहेर बघत राहतो. बराच वेळ. कोणाचे उत्तर येत नाही. मग पुन्हा ओरडतो.
खिडकी बंद केली. लक्ष विचलित होते त्याचे.

२६ एप्रिल
भूक मंदावली म्हणून पशुवैद्य बाईंना बोलावले. तरुण आहेत, मत देण्याची घाई फार. म्हणाल्या, "सर, हे कळपात राहणारे जीव. रात्रीसुद्धा एकमेकांना चिकटून झोपतात. एकटा ठेवलात, त्यात वयात येतोय. आता चावायला लागेल."
फिनाइलच्या वासावर त्या थबकल्या. रोज पुसता का, असे विचारले. अभिमानाने हो म्हटले. त्या म्हणाल्या, "हे डाग नाहीत सर, ही त्याची पाटी आहे दारावरची. इथे मी राहतो, एवढंच तो लिहितोय. आणि तुम्ही रोज पुसताय."
नंतर बोलता बोलता सांगितले की त्यांच्या आईने त्यांना माझ्या ग्रंथाबरहुकूम वाढवले. मी आभार मानले. त्या उठल्या. बॅग आवरून गेल्या.
एकाच भेटीत निदान करणारे डॉक्टर मला विश्वासार्ह वाटत नाहीत.

११ जून
किरकोळ प्रसंग. सौ. ताटली ठेवायला गेली असता चिरंजीवांच्या दातांचा तिच्या हाताला स्पर्श झाला. टाके पडले. कारण उघड आहे: तिची साडी भडक होती. त्याला तीन वेळा बजावले. तिसऱ्या वेळी माझ्याही अंगठ्याला स्पर्श झाला.
 संध्याकाळी सौ. म्हणाली, "तो चावला, त्याचं काही नाही. जनावर आहे. तुम्ही मात्र पट्टी आणायच्या आधी फरशी पुसलीत."
रक्त वाळले की निघत नाही, हे तिला समजावून सांगितले. ते खरेच आहे. तरी जेवण गेले नाही.

२ जुलै
कन्येचा फोन. सौ.ने स्पीकरवर टाकला. कन्येचे म्हणणे, "बाबा, तो हवा की बाळ हवं, असं मी विचारणार नाही. तुम्ही उत्तर द्यायला बसाल, मुद्देसूद. मी फक्त येणार नाही, इतकंच." मी म्हटले, ऑगस्टला अवकाश आहे, अभ्यासक्रम पूर्ण होईल. ती हसली. म्हणाली, "त्या खोलीच्या भिंतीवर मी घोडे काढले होते, आठवतं? शाळेतून येईपर्यंत भिंत कोरी."
आठवते. ऑइल पेंट होता, सहज निघाले. मुद्दा कुठे आहे ते कळले नाही.
बाळाचा आवाज येत होता मागे. कसलासा गुरगुरण्यासारखा. अजून प्रत्यक्ष पाहिले नाही त्याला.

१९ जुलै
शेपटीचे केस विरळ झाले होते. ऋतुमानाप्रमाणे झड, असा माझा कयास होता. आज टोकाला जखम दिसली. तो स्वतःच चावतो. केस उपटतो, थांबतो, दाराकडे बघतो, पुन्हा उपटतो.
पशुवैद्य बाई न बोलावता आल्या. सौ.चे काम. म्हणाल्या, असेच चालले तर शेपटी कापावी लागेल, आणि त्यानंतर तो आणखी काहीतरी कुरतडायला घेईल. सुटका केलेल्या प्राण्यांचे एक केंद्र आहे, तिथे लेमरांचा कळप आहे. मी मुदत मागितली. त्या म्हणाल्या, "मुदत मला नका मागू. शेपटीला विचारा."
संकल्प: उद्यापासून आठवडाभर काहीही पुसायचे नाही. प्रयोग म्हणून. कोणाचे ऐकून नव्हे.

२० जुलै
पुसले नाही. चौकटीला चार ठिकाणी घासले त्याने. मग उन्हात बसला. शेपटीला तोंड लावले नाही.

२१ जुलै
पुसले नाही. केळे खाल्ले. मी आत गेलो तेव्हा चावला नाही. वास सहन होत नाही, पण होतो आहे.

२२ जुलै
फक्त दाराची मूठ पुसली. मूठ ही त्याची एकट्याची नव्हे, सर्वांची. एकदा बादली भरलीच होती म्हणून चौकटही. आणि खुर्ची.
दुपारी जखम पुन्हा उघडली.
सौ.ने विचारले, "पुसलंत?" मी म्हटले, वरवर.
तिने फोन उचलला आणि केंद्राला लावला. मी अडवले नाही. अडवण्यासाठी लागणारे वाक्य तयार होत नव्हते.

४ ऑगस्ट
केंद्राची गाडी येऊन गेली. पेटीत जाताना ओरडला नाही. माझा कान धरण्यासाठी हात बाहेर काढला असावा. सोबत आलेल्या पशुवैद्य बाई म्हणाल्या, जाळी चाचपत होता.
खोली धुऊन काढली. आता खिडकीपासून दारापर्यंत निर्दोष आहे. कन्येला तसे कळवले. ती म्हणाली, "बरं." कधी येते ते बोलली नाही. नंतर सौ.ला सांगितले म्हणे, की त्या खोलीत बाळ रांगेल, सांडेल, भिंतीला हात पुसेल, आणि बाबा फडकं घेऊन मागे उभे असतील, ते मला बघवणार नाही.

१२ ऑगस्ट
सौ. लेकीकडे गेली. किती दिवस, ते ठरवून गेली नाही. दारात म्हणाली, "तुम्हीही या. पण आधी जरा चावून घ्यायला शिका."
अर्थ लागला नाही. पाठांतर मात्र झाले आहे.

६ सप्टेंबर
केंद्रावर गेलो. ग्रंथाची एक प्रत भेट म्हणून नेली होती. तिथल्या देखभाल करणाऱ्या बाईंचे हात ओले होते म्हणून ती पिशवीतच राहिली.
मोठ्या पिंजऱ्यात त्याच्या जातीचे अनेक, एकमेकांना चिकटून उन्हात बसलेले. तो शेजारच्या पिंजऱ्यात एकटा, त्यांच्याकडे पाठ करून. बाई म्हणाल्या, "घाबरतो त्यांना. ते हाका मारतात, हा उत्तर देत नाही. पिंजरा धुवायला बादली नेली की कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो. आपण कोण आहोत हेच माहीत नाही बिचाऱ्याला." दुसरीकडे वाढलेल्याचे तसे होत असेल, हा माझ्याकडे वाढला आहे, असे म्हणणार होतो. म्हटले नाही.
मग त्याने मला पाहिले. जाळीपाशी आला. शेपटी मनगटांतून ओढली, पुढे आणली आणि माझ्याकडे बघत थरथरवू लागला. टोकाला पट्टी होती, तरी डौल तोच.  बाईंना म्हणालो, बघा, विसरला नाही. हे त्याचे स्वागत.
बाई हातातले काम टाकून बघू लागल्या. म्हणाल्या, "ओळखलं खरं. पण हे स्वागत नाही हो काका. दोन नर भांडतात ना, तेव्हा शेपटीला वास चोळून असे एकमेकांवर उडवतात. चालता हो, म्हणतोय तुम्हाला."
मी मार्चपासूनचा हिशेब मनात करू लागलो. तोवर त्या माझी बाही धरून हळूच म्हणाल्या, "जाऊ नका. इथे आल्यापासून पहिल्यांदाच त्याने लेमरासारखं काहीतरी केलंय. थोडा वेळ असेच उभे राहा."
उभा राहिलो. पलीकडचे सगळे उठून बघायला लागले होते. एकाने हाक मारली. त्याची शेपटी थांबली नाही, पण एक कान तिकडे वळला.
बाई म्हणाल्या, "आता मागे सरका. हळूहळू. पाठ नका फिरवू. त्याला वाटू दे, तो जिंकला."
मी सरकत गेलो. तो पुढे आला. मी आणखी मागे. पाठ फाटकाला टेकली तेव्हा थांबलो. त्याने जाळीच्या खांबाला मनगट घासले.
बाई म्हणाल्या, छान जमलं तुम्हाला.