आदल्या दिवसाची विहीर

६ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नोकरीला तीन महिने झाले आणि अजून मला कोणी काढलेलं नाही. आई म्हणते, काढतील म्हणून वाट बघत कामाला जाऊ नकोस. मी वाट बघत नाही, फक्त टेबलाच्या खणात स्वतःचं काही ठेवत नाही.

काम असं आहे. शहरातल्या ज्या विहिरींचं पाणी महिन्याच्या महिन्याला मोजलं जातं, त्या एकेक जाऊन बघायच्या. जागेवर आहेत का, कठड्यावरची लाल खूण दिसते का, मोजतं कोण. मग ऑफिसात येऊन त्यांचे जुने आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि प्रत्येकापुढे शेरा मारायचा: खात्रीचा, संशयास्पद किंवा बाद. मागच्या आठवड्यात एक विहीर नकाशाप्रमाणे सिनेमा थिएटरच्या मधोमध निघाली. साहेब म्हणाले, बघून या. मी बघून आले. नकाशावर दोन आकडे उलटे पडले होते, विहीर मागच्या गल्लीत होती. सिनेमा बरा होता.

आता तुमच्या विहिरीबद्दल. नोकरीला लागल्या लागल्या मी तिच्यात जे नळकांडं सोडलं, ते पाण्याची उंची तासातासाला आपोआप टिपतं. त्यातले आकडे काल काढले. पाणी हळूहळू उतरतंय, ते ठीक. पण दर एक तारखेच्या सकाळी ते दोन हात वर असतं आणि दोन तारखेला पुन्हा खाली. तुम्ही ऑफिससाठी टेपने मोजता ते एक तारखेलाच. पाण्याला तारीख कळते, असं मी साहेबांना सांगू शकत नाही. मी नळकांडं बादलीत बुडवून तपासलं, त्याचं घड्याळ तपासलं, शेवटी माझ्या चष्म्याचा नंबरही तपासून आले. सगळं बरोबर आहे. महिनाअखेरीस तिकडे काही होतं का?

मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहिला तरी पुरे, आटू नये.

तुमची,
टाचणी


११ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे, पण ओळी अजून उजवीकडे चढतात. दुकानात माझ्या पायाशी बसून टाचण्या वेचत अंक शिकलीस आणि कापडावर खडूने रेघा मारत अक्षरं, तेव्हाही चढायच्या.

उगाच नळकांड्याला बादलीत बुडवलंस. एक तारखेला मोजणी म्हटल्यावर आदल्या दिवशी विहीर तयार नको करायला? दुपारपासून पंप बंद. संध्याकाळी नळाला पाणी आलं की मामी रबरी नळी आत सोडते, ती नळ जाईपर्यंत. पाला मी जाळीने काढतो. माप घ्यायचं म्हटलं की माणूस निदान केस तरी विंचरतो. मामीचं म्हणणं, कागदावर का होईना, आपली विहीर चारचौघींत जाते, तिथे ती तळाला गेलेली बरी दिसत नाही. माझंही तेच म्हणणं.

तुमच्या ऑफिसकडून 'आदर्श निरीक्षक' हे प्रशस्तिपत्र काय उगाच मिळालं? दुकानात शिलाई मशीनच्या वर लावलंय. गिऱ्हाईक आधी ते वाचतं, मग पिशवीतून कापड काढतं.

मामी विचारते, वाळलीस का. लोभ इथे भरपूर आहे, येताना मोठी पिशवी आण.

तुझा,
मामा


१४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी जेवले नाही. आईने विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणाले. मग खोटं बोलल्याचं वाईट वाटलं म्हणून खरं सांगितलं. ती हसतच बसली. तिचा काही उपयोग नाही.

मामा, तुमच्या मागच्या मोकळ्या जागेत बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याने खोल बोअर मारायची परवानगी मागितली आहे. त्या भागात मोजणीची विहीर एकच, तुमची. तुमचे आकडे बघून साहेब म्हणाले, इथे तर पाण्याची चंगळ आहे. २८ तारखेला बैठक आहे, तिथे परवानगी मिळाली की तुमची आणि गल्लीतली प्रत्येक विहीर कोरडी पडेल.

मी साहेबांना नळकांड्याचे आकडे दाखवले. ते म्हणाले, यंत्र अजून चाचणीवर आहे. यंत्र आणि माणूस यांचं जमलं नाही तर ऑफिस माणसाचं धरतं, तो माणूसच लिहून देईल की माझं धरू नका, तर गोष्ट वेगळी. मी हेही सांगितलं की तो माणूस माझा मामा आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाकडे द्या. ते म्हणाले, तुम्ही सोडून इथे फक्त पंखा आहे.

म्हणून तुम्ही एवढंच लिहून द्या, की आदल्या दिवशी विहिरीत नळाचं पाणी सोडलं जात होतं. मग मी त्या सगळ्या आकड्यांपुढे संशयास्पद असा शेरा मारीन. हे गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, या खेपेला ओळी खाली उतरल्या असतील.

रागावलात तरी लोभ बाजूला काढून ठेवा, मग रागवा.

तुमची,
टाचणी


१८ मार्च

पाणी-तपासनीस बाईंस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आमच्या घरात आजवर कोणी संशयास्पद निघालं नाही. एक होता, पण तो मामीकडचा, आणि तो सरळ बाद होता.

टेप मी नीट धरली. होतं तेवढं पाणी लिहिलं, एक बोटही वाढवलं नाही. या शिंप्याच्या मापाचा भरवसा नाही असं त्याच्याच अक्षरात ऑफिसात लागलं, तर उद्या कापड घेऊन कोण येईल? असं पत्र मी लिहिणार नाही.

कळावे.

ता. क. दोन दिवस हे काजं उलट्या बाजूला करताहेत. कारखाना खरंच आपल्या मागेच का गं? — मामी


२१ मार्च

ती. मामांस,
(तपासनीस बाईंकडून नव्हे)
सा. न. वि. वि.

माप तुमचं खरंच आहे. मी साहेबांनाही तसंच सांगितलं. टेप खरी, आकडा खरा, फक्त विहीर खोटी वागली.

तुम्हाला आठवत असेल. माप द्यायला उभा राहिलेला माणूस पोट आत ओढून घेतो. तुम्ही लगेच टेप लावत नाही. त्याच्या दाढेचं विचारता, मुलाच्या परीक्षेचं विचारता. बोलता बोलता तो श्वास सोडतो, पोट जागेवर येतं, मग तुम्ही हळूच टेप फिरवता. मी विचारलं होतं, तो दाखवत होता तेच माप का नाही घेतलंत? तुम्ही म्हणालात, सदरा घालून त्याला घरी जाऊन जेवायचंय.

मामा, इतकी वर्षं आपल्या विहिरीने श्वास रोखून माप दिलंय. आणि तिच्या मापावर कारखाना बेतताहेत.

पत्र नाही आलं तरी नळकांड्याचे आकडे मी बैठकीत ठेवणारच. ऐकतील असं वाटत नाही. मला तिथे मोठ्याने बोलावं लागेल, त्याची आत्तापासून भीती वाटते.

लोभ असेल तर कळवा, नसेल तर थोडं थांबून कळवा.

तुमची,
टाचणी


२५ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

काल कुठलीच तारीख नव्हती. पंप चालू होता, मामीचं धुणं चालू होतं. मी कठड्यावर बसून विहिरीशी आधी थोडं इकडचं तिकडचं बोललो. मामीने येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग टेप सोडली.

ती टेप मी तीन टेपा शिवून केलेली आहे, आजवर पुरली. काल सगळी आत गेली आणि टोकाचं वजन कोरडं वर आलं. पुन्हा सोडली, पुन्हा कोरडं. दुकानात जाऊन चौथी जोडली, दुहेरी शिवण घातली. तिच्या अर्ध्यावर पाणी लागलं. मामी वाकून बघत होती. म्हणाली, इतकी खाली गेली आणि आपल्याला काही बोलली नाही. मग तिने धुणं अर्धं टाकून पंप बंद केला.

साहेबांना लिहिलेलं पत्र सोबत आहे. शिंपी असल्याचंही त्यात लिहिलंय, कळू दे. प्रशस्तिपत्र मी उतरवलं होतं, मामीने परत लावलं. ती म्हणते, ते एकही महिना न चुकवल्याबद्दल आहे, पाण्याबद्दल नाही. दोघांनी चष्मा लावून वाचलं. खरंच तसं आहे.

बैठकीत बोलताना आधी श्वास सोड.

तुझा,
मामा


२९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

साहेबांनी तुमचं पत्र बैठकीत वाचून दाखवलं, नळीसकट. कारखान्याचे वकील म्हणाले की असं कोणी करत नाही. मी उभी राहून म्हणाले, आमच्याकडे करतात. एवढंच बोलले, पण ऐकू गेलं. पुढचा सगळा उन्हाळा विहीर नीट मोजून झाल्याशिवाय परवानगीचा विचार करायचा नाही असं ठरलं.

तुमच्या जुन्या सगळ्या आकड्यांपुढे मी संशयास्पद लिहिलं. २४ तारखेच्या आकड्यापुढे खात्रीचा लिहायचं फार मनात होतं, पण पंप चालू होता, त्यामुळे तोही संशयास्पद. मोजण्याआधी पंप बंद ठेवायचा असतो, तेवढं तुमचं पहिल्यापासून बरोबर होतं. फक्त नळी नको.

आज ऑफिसात टेबलाच्या खणात माझा कंगवा ठेवला.

उन्हाळाभर तुमच्याबरोबर मोजायला मीही येणार आहे, ऑफिसची लांब टेप घेऊन. कधी ते कळवणार नाही. मामींना सांगा, माझ्यासाठीही घर आवरून ठेवू नये.

लोभ आहे तसाच दिसू द्यावा.

तुमची,
टाचणी