लाकडी तोफेचा रणगाडा

आबा, तुमच्या रणगाड्याचा मी केलेला लाकडी नमुना कुंडलच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ठेवणार होते. ठेवला नाही. तो इथे सांगलीत माझ्या खोलीवर आहे आणि मी त्यात काहीही बदललेलं नाही, हे आधीच सांगतो.

मी दहावीपर्यंत पोचलो नाही, ते पाहायला तुम्ही नव्हतात. आता फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो. त्यांच्यावरून वाळूत साचा उठवतात. केसभर चूक झाली तर सगळं ओतकाम वाया जातं, म्हणून मी प्रत्येक माप पुन्हा पुन्हा घेतो आणि सोबतचे हसतात. तुमचा रणगाडा त्याच सवयीनं केला. रद्दीत मिळालेल्या जुन्या मासिकातल्या फोटोवरून मापं काढली, पट्ट्याची एकेक कडी सागाची कोरली, रिबिटांच्या जागी टाचण्यांची डोकी कापून बसवली. तोफेसाठी मात्र फोटो लागला नाही, लहानपणीची एक संध्याकाळ पुरली. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीपुढे फुंकणी रोखून मला ब्रह्मदेशातली लढाई दाखवताय. रणगाडा साहेबाचा, तुम्ही त्यात वायरलेसवर. नकाशे आणि यंत्रं मावावीत म्हणून खरी तोफ काढून टाकलेली. पण बिनतोफेचा दिसला तर शत्रू नेमका साहेबालाच टिपेल, म्हणून बाहेरून लाकडाची बसवलेली. "तोंडाला भोक न्हवतं रं. नुसता काळा ठिपका काढला हुता," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "आन् गावात सांगत फिरताय तोफ डागली म्हणून." हसता हसता तुम्हाला ठसका लागला.

मी तोच ठिपका काढला. हॉलचे अध्यक्ष म्हणजे आपले रिटायर्ड सुभेदार. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि भोक पाडायचं राहिलं म्हणाले. मी खरं ते सांगितलं. दादा शेजारीच होता, फौजेतून सुट्टीवर आलेला. भरती झाल्यापासून तो पलटणीत तुमची तोफ सांगत आलाय. त्याचा चेहरा पडला.

"आबांची अब्रू घालवाया आलायस व्हय रं? ड्रिल हाय न्हवं तुझ्याकडं? पाड भोक."

सुभेदार समजुतीनं म्हणाले, "काचंच्या आत ऱ्हाणार हाय. कोण बघतंय तितकं?"

मी म्हणालो, "भोक पाडलं तर त्यो आबांचा न्हाई, कुणाचाबी रणगाडा हुतोय." मग टॉवेलात गुंडाळून तो उचलला आणि एसटीत मांडीवर घेऊन आलो.

अब्रू कसली जाते, आबा? तोफ असलेला निदान उलट मारतो. तुम्ही काळ्या ठिपक्यामागे बसून, कानाला वायरलेस लावून, गोळे पडत असताना निरोप देत राहिलात. त्याहून मोठं मला काही बनवता येत नाही. राग आहे तो याचा, की गावाला तुम्ही एक सांगितलंत, मला दुसरं, आणि निघून गेलात. खरं सांभाळायचं काम माझ्या एकट्यावर पडलं. मी ते सोडणार नाही. सगळं कुंडल दारात आलं तरी नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून एवढंही लिहितो. मागच्या वेळी दादा खोलीवर आला तेव्हा ठिपका त्याला दिसू नये म्हणून मी तोफेचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं. तो परवा पुन्हा येतोय. या वेळी दाराकडे केलंय, आणि सकाळपासून जेवण जात नाही.