तोंकाशेजारची जागा

मी, येर्को मातुलिच, वय त्र्याऐंशी, राहणार ब्राच बेट. छातीने दगा दिला असला तरी डोके ताळ्यावर आहे आणि हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे खाली अंगणात बसले आहेत, ही गोष्ट वेगळी.

घर आणि मागची ऑलिव्हची झाडे माझी धाकटी बहीण पेरिना हिला मिळावीत. जुन्या सरकारविरुद्ध बोललो म्हणून मी तुरुंगात असताना ती झाडे तिनेच जगवली. पुतण्याने वाटा मागू नये. माझे नाव सांगून त्याने स्प्लिटमध्ये पुष्कळ पदरात पाडून घेतले आहे.

तुरुंगातला कोट माझ्या पक्षाला द्यावा. त्यांना माझे काहीतरी काचेच्या कपाटात ठेवायचेच आहे.

आजाराची बातमी रेडिओवर आल्यापासून रोज बोटी भरून माणसे येतात, फाटकाशी मेणबत्त्या लावतात, रडतात. काल पेरिना त्यांना म्हणाली, "अहो, दादा आत्ताच मासे खाऊन झोपलाय. मेणबत्त्या जरा पुरवून वापरा." त्यांची माया खरी आहे आणि ती पाहून मला भरून येते. पण मी फार थकलो आहे.

आता मुख्य. पक्षाचा चिटणीस झ्लात्को राजधानीत, झाग्रेबच्या दफनभूमीत, थोरामोठ्यांच्या रांगेत, माझी जागा ठरवून आला आहे. तिथे मला नेऊ नये. माझी बायको तोंका गेली तेव्हा मी तुरुंगात होतो. तिच्या मातीलाही मला सोडले नाही. आमच्याकडे मागे राहणाऱ्या जोडीदाराचे नाव थडग्यावर आधीच कोरून ठेवतात, मरणाचे साल तेवढे मोकळे सोडतात. तिने अंथरुणावरून पाथरवटाला निरोप धाडून ते करून घेतले होते. सुटून आल्यावर मी ते वाचले आणि तिथेच बसून राहिलो. मला त्याच दगडाखाली ठेवावे.

झ्लात्को म्हणाला, "काका, असं कसं? तुम्ही देशाचे आहात."

"हेच ऐकत तिनं संसार केला रे. आता पुरे."

"मग निदान एक भाषण तरी?"

भाषणास परवानगी आहे. मात्र ते तोंकाविषयी असावे. तेव्हाच्या सरकारच्या धाकाने तिच्या मातीला पेरिना आणि पाद्री सोडून कोणी आले नव्हते. आता एवढी माणसे येतीलच, तर तिच्यासाठीही रडून घ्यावे.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो माझाच आहे.
येर्को मातुलिच

समक्ष साक्षीदार:
झ्लात्को पेर्कोविच, चिटणीस
फ्राने बोकानिच, पाथरवट

ब्राच, ९ नोव्हेंबर १९९८