दिवे बघायला कोण जाणार

रीडिंग, इंग्लंड, रविवार, डिसेंबर

जेवताना निखिलने बेत सांगितला. लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगरातल्या एका गावात ख्रिसमसचे दिवे लावतात, ते बघायला पुढच्या वीकेंडला जायचं. हॉटेलही बघून ठेवलंय. मग मला म्हणाला, "आई, तू चल. बाबा ब्रॅकनेलला जोशीकाकांकडे राहतील. दिवेच तर बघायचेत, त्यांना काय दिसणार?"

हे समोरच बसून संत्रं सोलत होते. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. पोटच्या मुलाला एवढं कळू नये? सून ताटात बघत राहिली. हे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." संत्रं सोलून झालं तरी बोटं सालीचे तुकडे करतच होती.

मी निखिलला बोलायला हवं होतं. नाही बोलले. कारण मला जायचंय. यांचे डोळे गेल्यापासून मी हात धरून चालतेय, पायरी आली, कुत्रा आला, असं सांगत. दोन दिवस कुणाला काही न सांगता नुसतं बघायचंय.

वर खोलीत आल्यावर यांनी विचारलं, "तुला जावंसं वाटतंय का?"

"हो."

मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले. हाताला अजून संत्र्याचा वास येत होता. मग उठले आणि भिंत चाचपत बाथरूमकडे निघाले. दाराऐवजी कपाटाला हात लागला. ते तिथेच उभे राहिले. 'डावीकडे' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी बघत बसले.