कंप्युटरच्या आडून

१४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. टाके दुखतात का अजून? जेवतेस ना नीट? दोन मजले वर झोपलेल्या बहिणीला पत्र लिहिणारी मी पहिलीच असेन. पण मी आले की तू भिंतीकडे तोंड करतेस, मग काय करू?

तुझी लेक बरी आहे. सिस्टरांनी तिचं नाव मुंगी ठेवलंय, मला विचारलंसुद्धा नाही! आज माझं बोट धरलं आणि सोडेचना. घाईघाईनं आलेलं पोर, श्वासाला आधार लागतोच. पण ऑक्सिजन कालच्याइतकाच लागतोय. फिकट दिसते, हे खरं.

काल तू म्हणालीस, "रोज तपासायला रक्त काढून घेता, आणि द्यायची वेळ आली की कंप्युटरकडे बोट!" झोंबलं गं. भावोजी तर त्या कंप्युटरच्या साहेबालाच भेटायला निघालेत. त्यांना थांबव. असा साहेब कुणी नाही.

बाळासाठी रक्त मागवायला गेलं की पडद्यावर त्याचं वय, श्वासाचा आधार, हिमोग्लोबिन येतं आणि कंप्युटर सांगतो, "अजून गरज दिसत नाही." एवढंच. खाली चौकोन असतो, कारण लिहा म्हणून. लिहिलं की रक्त येतं.

"कंप्युटर देत नाही," हे मी तुला खोटं सांगितलं. तो कुणाला अडवत नाही, ताई. नाही म्हणतेय ती मी. एवढ्याशा जिवाला उगाच दिलेलं रक्त बाधूही शकतं, आणि तिला आज गरज नाही असं मलाही वाटतं. पण तुझ्या तोंडावर ते म्हणायची छाती झाली नाही.

मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, माझी भाची आहे, मला यातून काढा. म्हणाले, "दुसरं आहे कोण?" धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दिलं आणि बाधलं तर मी, नाही दिलं आणि काही झालं तरी मीच.

सकाळी त्या चौकोनात मी लिहिलं, "आई रडतेय." तो मुकाट्यानं तेही घेणार होता. नुसतं बटण दाबायचं होतं. मग पुसलं.

संध्याकाळी पुन्हा तपासणी आहे. हिमोग्लोबिनचा आकडा उतरला तर रक्त मी स्वतः लावीन. नाही उतरला, तर वर येऊन तुझ्यासमोर नाही म्हणेन. तेव्हा भिंतीकडे वळू नकोस. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण माझ्याकडे बघून.

तुझी धाकटी
(मुंगीची मावशी ती घरी आली की होईन. तोवर डॉक्टरच.)